पापणीचं ऑपरेशन ‘विम्यात बसवून देतो’ म्हणाले आणि १,५१,५०० रुपये गेले

आधी आकडे. वरच्या दोन्ही पापण्यांचे ८६,०००, डोळ्यांखालच्या पिशव्यांचे ५८,०००, ‘विमा फाइल’चे ७,५००. एकूण १,५१,५०० रुपये. त्यातले २०,००० यूपीआयनं, ८१,५०० कार्डानं आणि ५०,००० रोख. रोख रकमेची पावती आजतागायत मिळालेली नाही. विम्याचा एक रुपया आला नाही. आईची डावी पापणी आता झोपेत पूर्ण मिटत नाही, आणि जिच्यासाठी गेलो होतो ती उजवी होती तिथेच आहे.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणून लाज जास्त वाटते. पण माझं काम चष्म्याचे नंबर काढण्याचं, पापणीच्या शस्त्रक्रियेचं नाही. आणि आईचा त्रास खरा होता. वय ६८, संध्याकाळी कपाळ ठणकायचं, हनुवटी वर करून बघायची, पोथी वाचताना बोटानं पापणी उचलून धरायची. अशा वेळी हे ऑपरेशन वैद्यकीय गरजेचं ठरू शकतं. या खऱ्या गोष्टीच्या आधारानंच क्लिनिकवाल्यांनी आम्हाला गुंडाळलं.

पापणी खाली येण्याची मुख्य कारणं दोन. एक, वयानं कातडी सैल होऊन कडेवर लोंबते. दुसरं, पापणी उचलणाऱ्या स्नायूची पकड ताणून ढिली होते. याला टोसिस म्हणतात, वयानं होतो, कधी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही. पहिल्यात जादा कातडी काढतात, दुसऱ्यात स्नायू आवळून पुन्हा बसवावा लागतो. टोसिसमध्ये नुसती कातडी कापली तर कड जागची हलत नाही.

हे ओळखायला मशिन लागत नाही. समोर बसवून टॉर्च मारा, बुब्बुळावर उजेडाचा ठिपका दिसेल. तिथून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत चार ते पाच मिलिमीटर भरायला हवं. भुवई अंगठ्यानं दाबून धरा, नाहीतर माणूस नकळत ती उचलतो आणि माप चुकतं. आईच्या उजव्या डोळ्यात एक मिलिमीटर भरलं. हे मी मोजलं ऑपरेशननंतर अठराव्या दिवशी, घरी, प्लास्टिकच्या पट्टीनं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, आधी केलं असतं तर तिथेच सगळं थांबलं असतं.

त्याहून जास्त सलतो तो फील्डचा रिपोर्ट. फील्ड म्हणजे नजरेचा घेर मोजणारी चाचणी, मशिनवर हनुवटी टेकवायची आणि उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. काउंटरवरच्या मुलीनं तो माझ्यापुढे धरला, वरचा काळा भाग बोटानं दाखवला, म्हणाली, “बघा मॅडम, वरची नजर गेलीय, क्लेम नक्की.” मी काळा भाग बघितला. त्याच कागदाच्या डोक्यावर वय होतं ४६. असे रिपोर्ट मी रोज हाताळते, आधी नाव, मग वय, मग चाचणी विश्वासार्ह आहे की नाही ते बघते. त्या दिवशी आई आत कपडे बदलत होती, मुलगी कार्ड मागत होती, आणि मी वय वाचलं नाही. आईला “बटण दाबलंस का?” एवढं विचारलं असतं तरी कळलं असतं. तिनं त्या मशिनवर हनुवटी टेकवलीच नव्हती.

पापणीसाठी फील्ड दोनदा करतात, पापणी आहे तशी आणि चिकटपट्टीनं वर ओढून. दोन्हींतला फरक म्हणजे पापणीनं अडवलेली नजर. एकच रिपोर्ट दाखवत असतील तर उठून या. नुसत्या वरच्या काळ्या भागावरून तो काचबिंदूचा आहे की पापणीचा हे ठरत नाही.

डावीकडे कातडी जास्त कापली. भुवईपासून पापणीच्या केसांपर्यंत किमान २० मिलिमीटर कातडी ठेवतात, इथे १४ उरली. खुणा रुग्णाला बसवून, इंजेक्शनच्या आधी करायच्या असतात, यांनी आडवं झोपवून केल्या. डोळ्यातल्या पाण्याची कागदी पट्टीची पाच मिनिटांची तपासणीही केली नाही. पट्टी १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर हात आखडता घ्यायला हवा. तपासणारा सर्जन एक होता, कापणारा दुसराच निघाला. संमतीपत्रावर नाव कोणाचं आहे ते सही करण्याआधी वाचा.

विमा कंपनीनं क्लेम नाकारला, कारण बिलावर ‘फेशियल रिजुव्हनेशन पॅकेज’, म्हणजे चेहरा तरुण दिसण्यासाठीचं पॅकेज. कॉस्मेटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा डॉक्टरनं लेखी प्रमाणित केलेला थेट धोका असेल तरच सूट. खालच्या पिशव्या त्याच बिलात आल्या की वरच्या पापण्यांची बाजूही पडते. कंपनीची लेखी पूर्वमंजुरी हातात येईपर्यंत टोकन देऊ नका. क्लेम मंजूर करणं क्लिनिकच्या हातात नसतं.

रुग्णानं मागितल्यावर डॉक्टरनं उपचाराची कागदपत्रं ७२ तासांत द्यायचा नियम २००२ पासून आहे. मला ४१ दिवस लागले. पोलिसांनी चार चकरा मारायला लावल्या. प्रत्येक वेळी तेच, “मेडिकल मॅटर आहे, आधी सरकारी डॉक्टरांचा अभिप्राय आणा.” सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये हे सांगितलं ते डॉक्टरच्या निष्काळजीपणाबद्दल. ६८ वर्षांच्या बाईच्या नावावर ४६ वर्षांच्या कोणाचा तरी रिपोर्ट लावणं आणि ५०,००० रोख घेऊन पावती न देणं यात निष्काळजीपणा कुठे आहे? ती सरळ फसवणूक आहे. वय वाचायला सिव्हिल सर्जन लागतो? सिव्हिल सर्जनकडे अर्ज केला तर म्हणाले पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले पत्र सिव्हिल सर्जनच मागवतील. डॉक्टरांच्या नोंदणीच्या कार्यालयानं प्रतिज्ञापत्र आणि नोटरी केलेल्या प्रती मागितल्या, त्या दिल्या, आणि तीन महिन्यांनी उत्तर आलं की कापणाऱ्याची नोंदणी दुसऱ्या राज्यातली, तिकडे लिहा. प्रत्येक टेबलावर माणूस फाइल उघडतो, पहिलं पान बघतो, बंद करतो.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही. फील्ड रिपोर्टची मूळ प्रत क्लिनिकनं ‘दुरुस्तीसाठी’ दोनदा परत मागितली. दिली नाही, तुम्हीही देऊ नका.

आईला रोज रात्री डाव्या डोळ्यात जेल घालून पापणी पट्टीनं मिटवावी लागते. कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, खालच्या बाजूनं कोरडे ठिपके पडले आहेत. उजव्या डोळ्यासाठी दुसऱ्या सर्जननं स्नायूचं ऑपरेशन सुचवलंय, खर्च ६४,०००. डावीकडे कातडी जोडावी लागेल की नाही ते सहा महिन्यांनी बघू म्हणालेत.