स्टार अ‍ॅनालायझर १०० : नागपुरातून धनू राशीवर रोखताना

पेटन हॉक्सली कंपनीचं हे ग्रेटिंग, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांच्या पटात (वर्णपटात) उलगडणारी बारीक रेषांची काच, सव्वा इंची फिल्टरच्या आट्यांवर बसतं. मिलिमीटरला १०० रेषा. आकाशगंगेच्या गाभ्यातल्या ताऱ्यांचं रसायन वाचायला घेत असाल, तर अपेक्षा आधीच आवरा.

तिथली गोम मॅग्नेशियम आणि लोखंडाच्या प्रमाणात आहे. मॅग्नेशियम भारी ताऱ्यांच्या स्फोटांतून लवकर मिळतं. लोखंडाचा मोठा वाटा प्रकार १अ सुपरनोव्हांकडून (श्वेतबटू ताऱ्यांच्या स्फोटांकडून) मागाहून येतो. गाभ्यातल्या कमी लोखंडाच्या ताऱ्यांत मॅग्नेशियम चढं निघतं, म्हणजे ते उशिराचं लोखंड मिसळायच्या आतच तारे तिथे झपाट्याने घडले. हे मोजायला अ‍ॅपोजी या ताऱ्यांच्या सर्वेक्षणाने सुमारे २२,५०० विभेदनाचे (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवायच्या क्षमतेचे) अवरक्त वर्णपट घेतले. आपल्याकडे ३.७५ मायक्रॉन पिक्सेलच्या कॅमेऱ्यापासून ग्रेटिंग ५० मिमीवर ठेवलं, तर पिक्सेलमागे ७.५ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) पडतात. मॅग्नेशियमच्या तीन रेषा (५१६७, ५१७३, ५१८४) सव्वादोन पिक्सेलांत कोंबल्या जातात आणि आठ इंची दुर्बिणीतून ताराच चार-पाच पिक्सेल पसरलेला असतो. विभेदन जेमतेम दीडशे. २०० रेषांचं मॉडेल घेतलं तरी फार तर दुप्पट.

शिवाय गर्दी. एकाच ताऱ्याचा प्रकाश आत घेणारी अरुंद फट नसल्याने शेजाऱ्यांचे पट एकमेकांवर चढतात. एरवी ग्रेटिंग थोडं फिरवून पट मोकळ्या जागेत आणता येतो. गॅमा धनूजवळच्या बाडे खिडकीत, म्हणजे गाभा दिसू देणाऱ्या कमी धुळीच्या झरोक्यात, मोकळी जागाच नाही.

तरी याला खेळणं म्हणू नये. खगोलशास्त्रज्ञ व्हिक्टर ब्लँको यांनी चिलीतल्या ४ मीटर दुर्बिणीवर, फटीविनाच, त्या खिडकीतले एम वर्गाचे (थंड, लाल) राक्षसी तारे टायटॅनियम ऑक्साइडच्या पट्ट्यांवरून हुडकले होते. तेच पट्टे ज्येष्ठेत आणि त्याहून ठसठशीत अल्फा हर्क्युलिसमध्ये या ग्रेटिंगने सुरेख दिसतात. पैसे तिथेच वसूल.

आधी अभिजितमधल्या हायड्रोजनच्या ४८६१ आणि ६५६३ अँगस्ट्रॉमच्या रेषांवर मोजपट्टी लावा, म्हणजे कोणता पिक्सेल कोणत्या तरंगलांबीचा ते ठरवा. फोकस ताऱ्याच्या ठिपक्यावर न करता रेषांवर करा. पट फिकट आला, तर बहुधा उलट्या बाजूचा धरलाय. एकच बाजू उजळ असते.

मेच्या मध्यावर धनू पहाटे पावणेतीनच्या सुमारास दक्षिणेला येते, तीही ३८ अंशांवरच. रामटेकहून शहराचा उजेड नैर्ऋत्येला आडवा येतो, उमरेडच्या बाजूने तो पाठीशी राहतो. दुर्बीण स्लॅबवर लावू नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर हवा हलवतो आणि रेषा पुसतो. मातीवर लावा. कॅमेऱ्याला कूलिंग नसेल तर डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेली चित्रं) त्याच तापमानाला, दर तासाला घ्या.