स्वस्त जे-टाइप बास गिटार: उन्हाळा, गणपती आणि गड्ड्याची जत्रा काढल्यानंतरचा अनुभव

फेंडर कंपनीने १९६० मध्ये आणलेल्या जॅझ बासच्या (म्हणून ‘जे-टाइप’) धर्तीवरचा, चिनी बनावटीचा, कमी किमतीचा बास गिटार. चार तारा, ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), वीस फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), तारांची कंपनं टिपणारे दोन सिंगल-कॉइल पिकअप, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन. असा बास घेतला की पहिला सल्ला ठरलेला असतो: पिकअप बदला. सोलापुरात एप्रिलच्या उन्हापासून जानेवारीतल्या गड्ड्यापर्यंत, घरच्या सरावाला आणि मांडवातल्या कार्यक्रमांना वापरल्यावर माझं मत उलट झालंय. पिकअपला सगळ्यात शेवटी हात लावावा. आधी नेक (दांडा), फ्रेट आणि नट (दांड्याच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी), मग जॅक (केबल लावायची जागा), पॉट (व्हॉल्यूम-टोन फिरवायचे भाग) आणि शिल्डिंग (बाहेरची खरखर अडवणारं धातूचं अस्तर). एवढं नीट झालं तर पिकअप बदलायची गरज बहुतेकदा उरत नाही.

नेकपासून सुरुवात करतो, कारण सोलापूरच्या हवेचा सगळा मार नेकवर पडतो. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी असते. फ्रेटबोर्डचं (नेकवरच्या, फ्रेट बसवलेल्या फळीचं) लाकूड रुंदीत आकसतं, धातूचे फ्रेट मात्र आहे तेवढेच राहतात. मग फ्रेटची टोकं दोन्ही कडांनी बाहेर येतात आणि हात वर-खाली सरकवला की तळव्याला करवतीसारखी लागतात. हा कारखान्याचा दोष समजून बास परत पाठवायची घाई करू नका. हे घरी दुरुस्त होतं. बोर्डाच्या कडेला मास्किंग टेपचे दोन थर लावायचे. बारीक दाताची सपाट कानस कडेला समांतर धरून आधी टोकं बोर्डाच्या पातळीत आणायची, मग ती सुमारे ३५ अंशांत तिरपी धरून कोपरे मोडायचे. शेवटी ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर. हे काम मे महिन्यातच करावं. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि टोकं आपोआप आत जातात. तेव्हा सगळं ठीक वाटतं, पण पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा बाहेर येतात.

दुसरा बदल नेकच्या बाकाचा. कोरड्या हवेत नेक बहुधा सरळ होत जाते, कधी उलटी वाकते, आणि पहिल्या पाच फ्रेटवर तारा खडखडतात. सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. तेव्हा तीच नेक पुढे झुकते आणि तारा उंच जातात. म्हणजे ऐन गणपतीत बास जड वाजतो. त्यामुळे ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या, बाक जुळवायच्या सळीला) वर्षातून निदान दोनदा हात लावावा लागतो, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा ऑगस्टअखेर.

मोजायची पद्धत सोपी आहे. पहिल्या फ्रेटवर तार दाबा, शेवटच्या फ्रेटवरही दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या संचाने) मोजा. हा गेज मोटारसायकलच्या टॅपेटसाठी वापरतात तोच. ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो, संगीताच्या दुकानात शोधत बसू नका. फट ०.३० ते ०.३५ मिलिमीटर असावी. कमी असेल तर रॉड सैल करा, जास्त असेल तर घड्याळाच्या दिशेने आवळा. एका वेळी पाव फेरा पुरे. आवळण्याआधी तारा थोड्या ढिल्या कराव्यात, आणि पुन्हा सुरात आणून तासाभराने मोजावं. ॲलन की नेमक्या मापाची हवी. आशियाई बनावटीत ४ किंवा ५ मिमी असते, अमेरिकी बासमध्ये ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिमी. रॉडच्या ५ मिमीच्या नटात ३/१६ची की जाते, वरवर बसल्यासारखी वाटते आणि जोर दिला की कोपरे खाऊन टाकते. रॉडचा नट फिरतच नसेल तर ताकद लावू नका, नेक बाहेर काढून तपासा.

आता फ्रेटची पातळी. खडखड एकाच जागी असेल तर ट्रस रॉडचा संबंध नसतो, एखादा फ्रेट उंच असतो. स्टीलच्या पट्टीचा छोटा तुकडा शेजारच्या तीन फ्रेटवर ठेवा. डुलला की मधला फ्रेट उंच. लगेच घासायला घेऊ नका. स्वस्त बासमध्ये तो फ्रेट नुसता वर उचललेला असतो. लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातोडीने बसवा, कडेने पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडा आणि पुन्हा पट्टी ठेवून पाहा. अर्धं काम इथेच मिटतं.

उरलेलं घासून करायचं. ॲल्युमिनियमच्या सेक्शनचा फूटभर सरळ तुकडा घ्या. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्यांकडे असे तुकडे पडलेले असतात, मात्र काचेवर ठेवून सरळपणा तपासून घ्या. त्याला ३२० नंबरचा पेपर दुहेरी टेपने चिकटवा. तारा काढा, ट्रस रॉडने नेक अगदी सरळ करा, लाकडावर टेप लावा आणि प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करची शाई फिरवा. मग लांबीच्या दिशेने, जोर न देता घासा. सगळ्या फ्रेटवरची शाई जेमतेम गेली की थांबा. सपाट झालेला माथा तसाच ठेवला तर सूर अस्पष्ट होतो, कारण तार नेमक्या बिंदूऐवजी रुंद पट्टीवर टेकते. तिकोनी कानशीच्या कडा गुळगुळीत करून घ्या, म्हणजे लाकडाला ओरखडे जात नाहीत, आणि दोन्ही बाजूंनी माथा गोल करा. शाईची केसाएवढी रेघ मध्ये शिल्लक राहायला हवी. मग ४००, ६००, १०००, २००० असा पेपर. स्टील वूल वापरणार असाल तर आधी नेक बॉडीपासून वेगळी करा, नाहीतर लोखंडाची भुकटी पिकअपच्या चुंबकांना चिकटून बसते आणि ती पूर्ण निघत नाही.

शेवटच्या चार-पाच फ्रेटवर सगळ्याच तारा घासत असतील तर फ्रेटआधी नेकचे चार स्क्रू बघा. बॉडीतल्या भोकांना आटे पडलेले असतील तर स्क्रू बॉडीतच अडकतो आणि नेक खाचेत पुरती ओढली जात नाही. ती भोकं ५ मिमी ड्रिलने मोकळी करायची, म्हणजे स्क्रू त्यांतून सहज सरकतो आणि आटे फक्त नेकमध्ये धरतात. नेकच्या भोकांभोवती लाकडाचा उंचवटा आला असेल तर तो पटाशीने साफ करायचा. एवढ्यानेही आवाज भरीव होतो.

नट हा या बासचा सगळ्यात कच्चा दुवा. मूळ नट पोकळ प्लॅस्टिकचा आणि खाचा उंच. पहिला फ्रेट दाबताना बोट दुखतं आणि वर सूर चढाच लागतो, कारण तार जास्त ताणली जाते. ब्रिजवर (बॉडीवर तारा टेकतात तिथे) कितीही इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवरचा सुरेलपणा) जुळवा, पहिल्या तीन फ्रेटवर बास बेसूरच राहतो. हाडाचा नट ऑनलाइन मिळतो. खाचांच्या खास कानशी महाग असतात, त्याऐवजी गॅस वेल्डिंगची टिप साफ करायच्या काड्यांचा संच घ्यावा. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतो आणि काड्या वेगवेगळ्या जाडीच्या खरखरीत असतात. खाच हेडस्टॉककडे (खुंट्या असलेल्या टोकाकडे) उतरती हवी, तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच सुटली पाहिजे. उलट झालं तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. खोली तपासताना तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा: पहिल्या फ्रेटवर ०.२ ते ०.३ मिमी फट दिसावी. खाच खोल गेलीच तर खाण्याचा सोडा भरून वर सुपरग्लूचा थेंब टाका. दगडासारखं घट्ट होतं, पुन्हा कापता येतं.

यानंतर ब्रिज. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची ई (सगळ्यात जाड) तारेला २.४ मिमी, जी (सगळ्यात बारीक) तारेला २ मिमी. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर सारखे यावेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तार टेकायचा तुकडा) मागे. सॅडलचे बारीक स्क्रू कंपनांनी सैल होतात, नेलपॉलिशचा ठिपका पुरतो. जाडजूड वजनदार ब्रिज घालून पाहिला, पैसे घालण्याएवढा फरक ऐकू आला नाही.

इलेक्ट्रिकल भागात पहिला बळी जातो तो जॅक. त्याचा बाहेरचा नट सैल होतो, जॅक फिरतो, आतल्या तारा पिळतात आणि तुटतात. स्विचक्राफ्टचा जॅक टाकला, तेव्हापासून खरखर नाही. आवळताना जॅकचं अंग आतून धरून ठेवायचं. पॉट मूळचे लहान, १६ मिमीचे होते. शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग चालतात. तिथे सुताची धूळ घरात येते, ती पॉटमध्ये शिरते आणि व्हॉल्यूम फिरवताना कुरकुर होते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून पंचवीस-तीसदा फिरवलं की काही महिने निघतात. डब्ल्यूडी-४० मारू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि धूळ धरून ठेवतो. बदलायचे झाले तर २५० के (किलोओहम), लॉग टेपर. दुकानात २५० के नसेल तर २२० के बेधडक घ्या, कानाला फरक कळत नाही. मोठ्या २४ मिमी पॉटच्या गळ्याला साडेनऊ मिमीचं भोक लागतं, कंट्रोल प्लेट वाढवावी लागते, म्हणून १६ मिमीच ठेवणं शहाणपणाचं. टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरड, त्यावर ४७३ छापलेलं असतं. साधा पॉलिस्टर चालतो.

वायरिंगमध्ये एक चूक हमखास होते. दोन व्हॉल्यूमच्या बासमध्ये पिकअपची गरम तार पॉटच्या मधल्या पायाला आणि आउटपुट बाजूच्या पायाला जोडायचा असतो. उलटं जोडलं की एक व्हॉल्यूम शून्यावर नेताच दुसरा पिकअपही मुका होतो. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पॉटच्या पाठीवर कमी पडतं. पाठ कानशीने खरवडून ४० ते ६० वॉटच्या आयर्नने तीन-चार सेकंदांत टाका घालावा. जास्त वेळ तापवलं तर आतला कार्बनचा पट्टा खराब होतो. जोडून झाल्यावर केबल लावून मल्टिमीटरने केबलच्या दुसऱ्या प्लगचं टोक आणि बाही (मागचा धातूचा भाग) यांत रेझिस्टन्स मोजा: एका पिकअपला साधारण साडेसहा ते आठ किलोओहम, दोन्ही पूर्ण उघडे असताना त्याच्या निम्मा. दोन्ही उघडल्यावर आवाज पातळ, पोकळ आला तर एका पिकअपच्या दोन तारा आपसात बदला.

शिल्डिंगने काय होतं आणि काय होत नाही, हे आधी नीट समजून घ्यावं. तांब्याची टेप बॉडीतल्या सगळ्या खाचांना लावून ग्राउंडला जोडली की ट्यूबलाइट, डिमर आणि एलईडी माळांची चिरचिर जवळजवळ जाते. टेपचा गोंद विद्युतवाहक नसेल तर तुकडे एकमेकांना जोडले जात नाहीत. मल्टिमीटरच्या बीपने तपासा, बीप आला नाही तर सांध्यावर सोल्डरचा टाका द्या. प्लग आत घातल्यावर जॅकची जीभ टेपला लागली की बास अचानक मुका होतो, म्हणून तिथे इन्सुलेशन टेप लावा. ट्रान्सफॉर्मरची जाड घरघर मात्र तांब्याने थांबत नाही, कारण ती चुंबकीय असते. ओळखायचं असं: बास हातात धरून जागीच वळा. दिशेप्रमाणे घरघर कमी-जास्त झाली तर ती चुंबकीय. त्यावर इलाज एकच, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे. दोन पिकअप उलट गुंडाळीचे असतील तर घरघर एकमेकांना कापते. मांडवात मी दोन्ही उघडेच ठेवतो.

मांडवाचीच आणखी एक गोष्ट, आणि ती जिवाची आहे. मिक्सर, ॲम्प, पेडलचे दोन पिनांचे अडॅप्टर आणि अर्थिंगचा पत्ता नसलेलं बोर्ड असं सगळं एकत्र आलं की बासच्या तारा आणि माइकची जाळी यांत व्होल्टेज उभं राहतं. गाणाऱ्याच्या ओठाला झटका बसतो. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. शंभर-सव्वाशे व्होल्टचं रीडिंग अर्थ नसल्याची खूण आहे. अर्थिंग मिळेपर्यंत बास गळ्यात घालू नका, मंडळाचे कार्यकर्ते कितीही घाई करोत.

तारा निकेलच्या, ४५ ते १०५ (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत). उन्हाळ्यात घामाने त्या लवकर मरतात, वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसावी. मेलेल्या तारा उकळून थोडे दिवस जिवंत होतात, पण बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि ते गुंडाळीत बसतात. फिल्टरच्या पाण्यात दहा मिनिटं उकळून उन्हात कडक वाळवाव्यात. किंवा पाइपच्या तुकड्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल भरून रात्रभर बुडवाव्यात, ते जास्त चांगलं. फ्रेटबोर्डाला मिनरल ऑइलचे दोन-चार थेंब लावून लगेच पुसून घ्या. खोबरेल तेल लावू नका, ते खवट होतं आणि धूळ धरतं.

ठेवायची जागा: उन्हाळ्यात कुलर असलेली खोली बरी, पण झोताच्या समोर नाही. साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओलसर स्पंज, आणि ती डबी बॅगेत हेडस्टॉकजवळ. जूनमध्ये ती आठवणीने काढून टाका. स्ट्रॅपचा स्क्रू ढिला झाला तर भोकात उदबत्तीच्या काड्यांचे तुकडे फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोका, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू बसवा.

ॲक्टिव्ह प्रीॲम्प (बासच्या आत बसणारा, बॅटरीवर चालणारा टोनचा बोर्ड) घालून पाहिला आणि काढला. टीएल०७२ चिप असलेला बोर्ड तीन मिलिॲम्पच्या आसपास करंट खातो, म्हणजे चांगली ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी दीडशे तासांच्या आसपास टिकते. केबल लावून बास तसाच ठेवला तर आठवडाभरात बॅटरी संपलेली. ॲम्पवर बेस आणि ट्रेबलची बटणं असताना या बासला त्याची गरज वाटली नाही.

सध्या बास सुरात आहे आणि पिकअप मूळचेच आहेत. फक्त त्यांची उंची जुळवली: शेवटचा फ्रेट दाबून ई तारेखाली ३.२ मिमी, जी तारेखाली २.४ मिमी. जी आणि डी तारांखाली दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटवर खळगे दिसायला लागलेत. फ्रेटची उरलेली उंची ०.७ मिमीच्या वर असेपर्यंत आणखी एकदा घासता येईल. त्याखाली गेली की नवे फ्रेट, आणि ते पावसाळा संपून हवा स्थिर झाल्यावर, नोव्हेंबरात.