सत्तेचाळिसाव्या वर्षी लेझर: नंबर गेला, चाळिशी राहिली

डोळ्यांवर लेझर शस्त्रक्रिया करून घेण्याचा विचार मी घरी बोलून दाखवला, तेव्हा आईने विचारले, "आता कशाला? तुझं लग्न झालंय की!" तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, कारण पुण्यातील ज्या खासगी नेत्र रुग्णालयात मी गेले, तेथे रांगेत बसलेल्यांपैकी बहुतेक जण विशी-पंचविशीतले होते. माझे वय ४७, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे ५ आणि व्यवसाय मुद्रितशोधनाचा. बारीक टाइपाची मुद्रिते मी वर्षानुवर्षे चष्मा काढून, कागद वीतभर अंतरावर धरून वाचत आले आहे.

नेमक्या याच सवयीमुळे निर्णय अवघड झाला. याआधी ज्या दवाखान्यात चौकशी केली होती, तेथील समुपदेशकाने 'चष्मा कायमचा सुटेल' एवढे सांगून थेट पॅकेजचा कागद पुढे केला होता. या रुग्णालयातील डॉक्टरांनी मात्र पहिल्याच भेटीत स्पष्ट केले की लेझर पारपटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा, आकार बदलतो. चाळिशी लागते ती त्यामागचे नैसर्गिक भिंग ताठर झाल्यामुळे, आणि त्या भिंगाला ही शस्त्रक्रिया हातही लावत नाही. उणे ५ नंबरच्या डोळ्याला चष्म्याविना २० सेंटिमीटरवरचे स्वच्छ दिसते. नंबर शून्यावर आणला की दूरचे दिसू लागेल, पण ही जवळची नजर जाईल आणि वाचायला चष्मा लागेल. एक चष्मा देऊन दुसरा घ्यायचा असा हा व्यवहार आहे, हे कोणीतरी इतक्या सरळपणे सांगितल्याने माझा निम्मा विश्वास तेथेच बसला.

दुसरा पर्याय, जवळचेही थोडेफार चष्म्याविना दिसावे म्हणून, एका डोळ्यात थोडा नंबर मुद्दाम शिल्लक ठेवण्याचा होता. दोन्ही तळहातांच्या फटीतून भिंतीवरची खूण पाहायला लावून त्यांनी माझा उजवा डोळा प्रधान, म्हणजे नजर ज्यावर अधिक भिस्त ठेवते तो, असल्याचे ठरवले. तो दूरसाठी आणि डावा उणे सव्वावर ठेवायचा, अशी योजना होती. तिची खात्री करण्यासाठी आठवडाभर तशीच नजर देणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स लावून फिरण्यास सांगितले. चाळिशीनंतर हा निर्णय घेणाऱ्याने ही चाचणी मुळीच टाळू नये. पहिले दोन दिवस जिना उतरताना पाय चाचपडत होते आणि रात्री दुचाकी चालवताना समोरच्या दिव्यांचा त्रास झाला. चौथ्या दिवसापासून मात्र कोणता डोळा काय पाहतो आहे, याचा विसर पडला. संगणकाचा पडदा आणि भाजीवाल्याची पाटी चष्म्याविना वाचता येत होती. बारीक तळटिपा येत नव्हत्या, आणि तेवढे मी मान्य केले.

तपासण्यांत घाई नव्हती. पारपटलाची जाडी पुरेशी निघाली. पण खालच्या पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत ती किती भिजते हे पाहिल्यावर डोळे कोरडे असल्याचे आढळले, आणि लेझरने कोरडेपणा वाढू शकतो म्हणून त्यांनी सहा आठवडे आधी त्यावर उपचार केले. लेन्सची चाचणीही त्यानंतरच झाली. हातात आलेले गिऱ्हाईक दीड महिना थांबवणारे रुग्णालय मला तरी नवे होते.

प्रत्यक्ष लासिक शस्त्रक्रियेला दोन्ही डोळे मिळून वीस मिनिटेही लागली नाहीत. भूल देणारे थेंब घातल्यावर दुखले नाही. पारपटलाचा पातळ पापुद्रा तयार करताना डोळ्यावर दाब येऊन क्षणभर अंधारले आणि नंतर जळल्यासारखा वास आला, ज्याची पूर्वसूचना कोणीतरी द्यायला हवी होती. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून समोरच्या इमारतीवरचे नाव वाचता आले.

आता तक्रारी. दोन्ही डोळ्यांचे ८५ हजार सांगितले गेले, पण नंतरचे थेंब आणि तिसऱ्या महिन्यानंतरच्या तपासण्या त्यात धरलेल्या नव्हत्या, हे बिल हाती आल्यावर कळले. आरोग्य विम्याची आशा धरूच नये: साडेसातपेक्षा कमी नंबरसाठीचा खर्च आपल्याकडील पॉलिसींच्या नियमांतच वगळलेला असतो. भेटीची वेळ घेऊनही प्रत्येक वेळी दीड तास बसावे लागले.

चार महिन्यांनंतर रात्री दिव्यांभोवती पुसटशी वलये दिसतात आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून तीनदा घालावे लागतात. मुद्रिते तपासताना अधिक एकचा चष्मा नाकावर असतो. पावसात दुचाकीवरून जाताना मात्र काचा पुसाव्या लागत नाहीत, आणि तेवढ्यासाठीसुद्धा मी हा खर्च पुन्हा केला असता.

शस्त्रक्रियेआधीचा नंबर आणि पारपटलाची मापे असलेला कागद रुग्णालयाने आपणहून दिला नाही, दोनदा मागावा लागला. पुढे मोतीबिंदूच्या वेळी बसवायच्या भिंगाचा हिशेब लेझर झालेल्या डोळ्यात अवघड होतो आणि तेव्हा हीच मापे उपयोगी पडतात, म्हणून तो घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावून ठेवला आहे.