हिप्परग्याची पक्षिफेरी आणि उजनीची सहल

सोलापुरात पक्षिनिरीक्षण म्हटले की डिसेंबर-जानेवारीच आठवतो आणि होळीनंतर दुर्बिणी कपाटात जातात. शहरातील एका पक्षिमित्र गटाने मात्र ऐन फाल्गुन-चैत्रात हिप्परगा तलावाकाठची सकाळची पायी फेरी आणि उजनीच्या फुगवट्यावरील दिवसभराची सहल असे दोन उपक्रम ठेवले आहेत. त्यांपैकी पहिला प्रत्येक सोलापूरकराने अनुभवावा, असे माझे मत आहे.

तुळजापूर रस्त्याने जाऊन उजाडण्याच्या सुमारास चालायला सुरुवात होते. आदिला नदी अडवून ब्रिटिश काळात बांधलेला हा हिप्परगा ऊर्फ एकरुख तलाव उन्हाळ्याच्या तोंडाशी आक्रसू लागतो, आणि पाणी मागे सरून उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर शेकाटे, तुतवार आणि चमचे हे पाणपक्षी खाद्य टिपण्यासाठी उतरतात. हिवाळाभर फिकट दिसणारा पिवळा धोबी परतीच्या प्रवासापूर्वी पिसे बदलतो आणि त्याची छाती हळदीसारखी पिवळीधमक होते. हा पालट जानेवारीत येणाऱ्याला दिसत नाही. पट्टकदंब ही हिवाळी पाहुणी रानहंसे तोवर बहुधा हिमालयापलीकडे निघून गेलेली असतात, आणि मार्गदर्शक हे नोंदणीच्या वेळीच सांगतात, याचे मला विशेष कौतुक वाटले. काठावरच्या झाडांवर भोरड्यांचे थवे कलकलत असतात. त्यांनाही मध्य आशियाकडे परतायचे असते.

या फेरीची खरी किंमत कळते ती टिटवीपाशी. उघड्या खडकाळ जमिनीवर, खड्यांत मिसळून जाणारी तिची ठिपकेदार अंडी मार्गदर्शकांनी पुरेशा अंतरावरून दाखवली आणि सर्वांना बाभळीच्या सावलीत बसवले. थोड्या वेळाने टिटवी पाण्याशी गेली, पोटाची पिसे भिजवून परतली आणि त्या ओल्या पोटाने अंड्यांवर बसली. सोलापूरच्या उन्हात अंडी गार राखण्याची ही तिची रीत डोळ्यांसमोर पाहायला मिळाली, ती केवळ सर्वांना गप्प बसवून ठेवल्यामुळे.

उजनीच्या सहलीबद्दल इतके समाधानाने लिहिता येत नाही. भीमेवरच्या या जलाशयाच्या उथळ पाण्यात मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळणारे रोहित पक्षी दिसतात आणि ते दृश्य खरोखरच देखणे असते. परंतु छायाचित्रासाठी नाव थेट थव्याच्या अंगावर नेली जाते आणि सारा थवा उडतो, तेव्हा खाण्याचा त्यांचा मोलाचा वेळ आणि प्रवासासाठी साठवलेली शक्ती वाया जाते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे पाणी ओसरल्यावर वर आलेल्या बेटांवर लोकांना उतरू दिले गेले. नदी सुरय हे पाणपक्षी याच दिवसांत अशा बेटांवर उघड्यावर अंडी घालतात. माणसे फिरू लागली की पालक उडून जातात आणि अंडी उन्हात तापतात. हिप्परग्यावर पाळली जाणारी शिस्त येथेही पाळणे अवघड नाही. काठावर तिपाईवर मोठी दुर्बीण लावली, तर नावेची गरजही बरीच कमी होईल.

फेरीचे शुल्क माणशी २०० रुपये असून ते रास्त आहे. गटाकडील दुर्बिणी थोड्याच असल्याने शक्य असल्यास स्वतःची न्यावी, मळकट रंगाचे कपडे घालावेत आणि पाणी भरपूर बरोबर ठेवावे. उजनीला मात्र नावाड्यांना अंतराचा नियम घालून दिल्याशिवाय जाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही, आणि गटाच्या संयोजकांना मी हे लेखी कळवले आहे.