भेंडीत आंतरपीक: मका की तूर?

भेंडीत आंतरपीक घ्यायचं हे ठरलेलं असतं, अडतं ते जोडीदारावर. तृणधान्यातला मका घ्यावा की कडधान्यातली तूर? ज्वारी-बाजरीला मक्याचेच बहुतेक मुद्दे लागू पडतात, म्हणून त्यांचा वेगळा विचार इथे नाही. मूग आणि पसरणारी चवळी मी सुरुवातीलाच बाजूला काढली. मुगावर पांढरी माशी जमते आणि तीच भेंडीत हळद्या, म्हणजे पानं पिवळी पाडणारा विषाणूचा रोग, पसरवते. चवळीचे वेल तोडणीच्या वेळी पायात येतात.

मक्याच्या बाजूने बोलायला बरंच आहे. पाण्याच्या पाळ्या भेंडीशी जुळतात, उंच ओळी वारा अडवतात. ओलं कणीस काढलं तर साधारण 75 ते 80 दिवसांत रान मोकळं होतं, वर हिरवी वैरण हाती येते. तुरीकडे असं लवकर मिळणारं काही नाही. मध्यम कालावधीच्या वाणाला 160 ते 180 दिवस लागतात आणि तोवर रान अडकून पडतं. भेंडी संपल्या संपल्या पुढचं पीक घ्यायचं असेल तर तुरीचा विचार सोडलेला बरा.

कागदावरही मका मागे पडत नाही. समजा, आंतरपिकात भेंडी एकट्या पिकाच्या 0.7 आली आणि मका 0.6, तर क्षेत्र समतुल्य गुणोत्तर 1.3. म्हणजे तेवढंच उत्पादन वेगवेगळं घ्यायला एका एकराऐवजी 1.3 एकर लागले असते. गणित बरोबर आहे, फक्त त्यात निबर भेंडीसुद्धा वजनात धरली जाते.

आणि घोडं पेंड खातं ते इथेच. फूल उमलल्यापासून 5 ते 7 दिवसांत भेंडी तोडायला येते, त्यामुळे तोडणी एक दिवसाआड. शेंगेचं टोक अंगठ्याने दाबलं की टच्‌कन मोडायला हवं, नुसतं लवलं तर ती निबर झाली. आता दिवस जुळवून बघा. दोन्हींची टोकण एकाच दिवशी केली तर भेंडीची पहिली तोडणी 45 ते 50 दिवसांनी येते आणि मक्याला तुरा येतो 50 ते 55 दिवसांनी. भेंडी भरात येते नेमका तेव्हाच मका डोक्यावर गेलेला असतो. शेंगा पानांच्या बगलेत, खोडाला लागून, हिरव्यावर हिरव्या, सावलीत चटकन नजरेला पडत नाहीत. मक्याच्या पानांची धार मानेला आणि हाताला लागते, भेंडीची लव खाजवते, वरून पराग झडतो. तोडणारं माणूस ओळ उरकायच्या मागे लागतं आणि शेंगा राहून जातात.

राहिलेली शेंग दोन दिवसांत निबर होते आणि झाड तिच्यातलं बी भरायला घेतं. नवी वाढ आणि नवी फुलं मंदावतात. पुढच्या तोडणीला माल कमी निघाला की दोष सावलीला दिला जातो. सावलीचा वाटा आहेच, पण मागच्या खेपेला सुटलेल्या शेंगांचाही आहे, आणि माझ्या मते तो सहज निम्मा असावा. हे मोजून सिद्ध करता येणार नाही. टोपलीत निबर शेंगा वाढायला लागल्या की मात्र कळतं. माझं पारडं तुरीकडे झुकलं ते याच एका कटकटीमुळे.

तूर सुरुवातीचे 45 ते 60 दिवस वर फारशी वाढत नाही, तिचं काम जमिनीखाली चाललेलं असतं. पहिली तोडणी येते तेव्हा ती विरळ उभी असते, उजेड आरपार जातो. भेंडी 90 ते 100 दिवसांनी उतरते आणि त्यानंतर तूर पसरते, फुलावर येते. दोघांची भरभराट एकमेकांच्या वेळेत येत नाही. त्यासाठी वाण मध्यम कालावधीचाच हवा, लवकर येणारा वाण भेंडी चालू असतानाच फुलतो आणि सगळा फायदा जातो. तुरीच्या दोन ओळींत 180 सेंमी अंतर ठेवून मध्ये 60-60 सेंमीवर भेंडीच्या दोन ओळी बसतात. तिसरी ओळ घुसवायचा मोह होतो, पण मग टोपली घेऊन चालायची वाट राहत नाही. तुरीचा शेंडा खुडायचीही घाई नको. 45 व्या दिवशी खुडला तर फांद्या आडव्या फुटून ऐन तोडणीत वाट अडवतात. भेंडी उतरणीला लागल्यावर, पण तुरीला कळी धरायच्या बरंच आधी, एकदा खुडावा.

तुरीच्या मुळांवरच्या, हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठी भेंडीला त्याच हंगामात नत्र पुरवतील, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. शेजारच्या झाडापर्यंत पोचणारं नत्र थोडंच असतं. खरा फायदा झडलेला पाला आणि मुळं कुजल्यावर, म्हणजे पुढच्या पिकाला. तुरीचा बेवड, म्हणजे तूर निघाल्यावर मागे राहिलेलं रान, चांगला म्हणतात तो यासाठी. चालू हंगामात एवढंच की तूर जमिनीतल्या नत्रावर भेंडीशी भांडत नाही. मका भांडतो. तो गुडघ्याएवढा होऊन नत्र ओढायला लागतो, त्याच सुमारास भेंडीला पहिली फुलं येतात. मक्याच्या खालच्या पानांवर टोकाकडून मधल्या शिरेने आत सरकणारा पिवळा पट्टा दिसला की दोघांचीही उपासमार सुरू झाली समजावं. तुरीसोबत युरिया फक्त भेंडीच्या ओळीलगत मातीआड द्यावा. सरसकट फेकला तर तुरीच्या गाठी कमी धरतात आणि ती नुसती पाल्यावर जाते. तुरीच्या 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम (गाठी धरणारे जिवाणू) चोळावं, बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी, आणि बी सावलीत सुकवावं.

तुरीचे दोष लपवण्यात अर्थ नाही. पाणी साचलेलं तिला खपत नाही, आणि भेंडीला तर पाण्याच्या पाळ्या लागतात. म्हणून तूर वरंब्यावर टोकावी आणि पाणी भेंडीच्या बाजूच्या सरीतूनच सोडावं. जमिनीत सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक कृमी) असतील तर ही जोडी टाळावी, कारण दोन्ही पिकं त्यांना बळी पडतात. त्यासाठी आधीच्या पिकाची मुळं उपटून बघायची. जिवाणूची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, अंगठ्याने निघते, फोडली की आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, ते वेगळं निघत नाही. तिसरी गोष्ट घाटे अळीची. ती भेंडीवरही असते आणि तुरीच्या शेंगांवरही. उतरलेली भेंडी रानात तशीच उभी ठेवली तर अळी तिथे पोसते आणि तूर फुलताच तिकडे वळते. शेवटची तोडणी झाली की झाडं उपटून बाहेर काढावीत.

तणांच्या बाबतीतही मका वाटतो तितका सोपा नाही. एकट्या मक्यात चालणारं तणनाशक अॅट्राझिन भेंडी असताना वापरता येत नाही, त्यामुळे खुरपणी दोन्हीकडे सारखीच. लष्करी अळीसाठी मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या गुंडाळीत, औषध टाकायचं झालं आणि भेंडीची तोडणी सुरू झालेली असली, तर औषध दिल्यावर तोडणीआधी थांबायचे लेबलावरचे दिवस आणि एक दिवसाआडची तोडणी यांचा मेळ बसत नाही.

तरी मका सरसकट नाकारावा असं नाही. पालक, कोथिंबीर, मुळा अशा महिना-सव्वा महिन्यात निघणाऱ्या भाज्यांना मक्याची सावली पडायच्या आत रान सोडता येतं, तिथे तोच सोयीचा. भेंडीतच मका हवा असेल तर भेंडी 20 दिवस आधी टोकावी आणि मक्याच्या ओळी उत्तर-दक्षिण ठेवाव्यात, म्हणजे निम्म्या तोडण्या तरी उजेडात होतात. मी असतो तर मक्याला बांधाकडे पाठवलं असतं: वाऱ्याच्या बाजूला दाट दोन ओळी, भेंडीच्या आधी 15 ते 20 दिवस पेरलेल्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या पांढऱ्या माशीला भेंडी उगवायच्या आतच आडोसा तयार असतो.