सोनचाफ्यासाठी बोलावलेली वृक्षनिगा सेवा : आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय

पुण्यातील आमच्या अंगणातला सोनचाफा सासूबाईंनी १९९८ साली लावला. श्रावणात परडी भरून फुले देणारे हे झाड गेल्या वर्षी वठू लागले. शेंड्याच्या फांद्या एकेक करून सुकल्या, नवी पालवी निघे तीही पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या अशी. खते घालूनही फरक पडेना, तेव्हा नोव्हेंबरात घरी येऊन झाडे तपासणाऱ्या एका सेवेला बोलावले.

आलेल्या दोघांनी औषधाला हात लावण्याआधी पाऊण तास नुसते झाड पाहिले, याचे मला फार मोल वाटते. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीलगत पसरट होऊन मुळांकडे वळलेला दिसतो. आमचे खोड मात्र खांबासारखे सरळ मातीत गेले होते. दोन वर्षांपूर्वी अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसवताना मुरूम बुंध्याशी ओढला गेला होता आणि त्याखाली साल सतत ओली राहून कुजत होती. त्यांनी खुरप्याने वीतभर भर काढून मूळचा बुंधा मोकळा केला, भोवतालचे तीन फुटांपर्यंतचे ब्लॉक उचलले आणि कुजलेली साल खरवडून तेथे बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप लावला. एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून, एकूण दहा लिटर पाण्यात हा लेप आमच्यासमोरच तयार केला. त्यात लोखंडी सुरी बुडवून तिच्यावर तांबूस थर येत नाही ना, हेही तपासले. थर आला तर चुना कमी पडला असे समजतात.

पिवळ्या पानांचे कारण निराळे निघाले. बोअरच्या जड पाण्याने मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ८ च्या वर गेला होता आणि अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. मी आणलेले, ईडीटीए या संयुगात बांधलेले लोहखत अशा जमिनीत टिकत नाही, ईडीडीएचए या संयुगात बांधलेले टिकते, हा फरक दुकानदाराने सांगितला नव्हता. तो या माणसांनी शांतपणे समजावून दिला.

तक्रारी दोन आहेत. एक तृतीयांश फांद्या एकदम छाटण्याचा त्यांचा आग्रह मला पटला नाही, कारण अशक्त झाडाला अन्न तयार करण्यासाठी उरलेली हिरवी पाने हवीच असतात. शेवटी केवळ वाळलेल्या फांद्याच काढल्या. शिवाय दुसरी भेट ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा झाली आणि त्याबद्दल साधा फोनही आला नाही. दोन भेटींचे साडेसहा हजार रुपये पडले, त्यात औषधे धरलेली होती.

आता जुलैत उत्तरेकडची एक मोठी फांदी कायमची गेलेली आहे. बाकी झाडावर मात्र गर्द हिरवी पालवी आहे आणि काल देवापुढे पाच फुले ठेवता आली. पुढच्या तपासणीला मी यांनाच बोलावणार आहे, मात्र छाटणीची कात्री चालेल तेव्हा शेजारी उभी राहीन.