कॅम्पस वायफाय: नेटवर्क मॅनेजर की हाताने लिहिलेली फाइल?

कोल्हापुरातल्या कॉलेजचं सुरक्षित वायफाय लिनक्स लॅपटॉपवर रोज वापरायचं असेल, तर नेटवर्क मॅनेजर, म्हणजे नेटवर्क जोडणारा खिडक्या-चौकटींचा प्रोग्रॅमच बरा. त्यात हे पर्याय निवडा: सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ, ऑथेंटिकेशनला (ओळख पटवायला) पीईएपी, आत एमएसचॅपव्ही२. मग युजरनेम, पासवर्ड. बहुतेक कॅम्पसवर एवढंच लागतं.

घात होतो तो 'सीए सर्टिफिकेट नको' या चौकटीवर टिक केल्याने. सर्व्हर खरा कॉलेजचाच आहे का, हे या सर्टिफिकेटवरून तपासलं जातं. राजारामपुरीतल्या कॅफेत कुणी त्याच नावाचं वायफाय उभं केलं, तर लॅपटॉप आपणहून त्याला जोडू पाहतो. पासवर्डवरून बनलेलं उत्तर ते वायफाय उभं करणाऱ्याच्या हाती पडतं आणि ते फोडता येतं. म्हणून कॉलेजच्या आयटी विभागाकडून सर्टिफिकेट घ्याच, आणि डोमेनच्या रकान्यात सर्व्हरचं नावही भरा.

हाताने लिहिलेली फाइल म्हणजे डब्ल्यूपीए सप्लिकंट या वायफाय जोडणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल. तिच्यामध्ये हेच सगळं ओळीओळीने दिसतं, त्यामुळे चूक हुडकायला ती फार उपयोगी. पण पासवर्ड सहसा उघडाच राहतो. फाइलची परवानगी ६०० ठेवा, म्हणजे मालकाशिवाय कुणाला ती वाचता येणार नाही. नेटवर्क मॅनेजर बंद न करता ती चालवली, तर दोघं एकाच वायफाय कार्डासाठी भांडतात.

उबुंटू २२.०४ या लिनक्समध्ये ओपनएसएसएल ३ हे जोडणी सुरक्षित करणारं सॉफ्टवेअर आहे, आणि ते टीएलएस १.० ही जुनी सुरक्षा पद्धत सहसा नाकारतं. कॉलेजचा सर्व्हर तिच्यावरच अडकलेला असेल, तर पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही. अशा वेळी पासवर्ड बदलत बसू नका, आधी लॉग (जोडणीच्या नोंदी) वाचा.